दुसरं बटण

देवगड बंदराकडे उतरताना डाव्या हाताला माझा गाळा.
पाटी गंजलीय, नाव अर्धंच वाचता येतं.
इकडच्या वायरी आतून हिरव्या होतात.
वरचं प्लास्टिक शाबूत, आतलं तांबं मात्र भुसा.
खारा वारा शिरतो कुठून, देव जाणे.
म्हणून टोक सोलून आधी जिभेला लावतो.
तौफिक हसतो. हसू दे.

मयुरेश कोयंडे जुनी वॅगन-आर घेऊन आला,
मागच्या सीटवर एलईडी लावायची म्हणाला.
सवयीने मी नमुन्यांचा फळा काढला:
रिमोटवरचे सोळा रंग, गाण्यावर नाचणारी पट्टी,
शिमग्याला मिठमुंबरीची पोरं घेऊन गेली ती जांभळी.
त्याने फळ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"साधो पिवळसर दी. हातांवर पडाक होयो. तोंडार थोडो."
कसले हात?
"आवशी-बापाशीचे. दोघांकय ऐकाक येणा नाय.
कणकवलीच्या डॉक्टराकडसून परतताना
काळोख पडलो काय दोघांय गप रवतत.
शिरगावसून घरापर्यंत, गप."

फळा मी परत भिंतीला टेकवला.

आधी पट्टी छताला लावली. चूक.
सगळी गाडी पुढच्या काचेत उतरली,
सड्यावरच्या रस्त्याऐवजी मागची सीटच दिसायला लागली.
काढली. पुढच्या दोन्ही सीटांच्या पाठीला
दुधी झाकणाची नळी, जराशी तिरकी.
भरदुपारी शटर ओढून अंधार केला
आणि तौफिकला मागे बसवून म्हटलं, हात हलव.
त्याने एवढा मोठा सुरमई दाखवला.
एका बाजूने उजेड, तर बोटं काळी पडतात.
दोन्हीकडून दिला, तेव्हा सुरमईला कल्ले आले.

"तोंडार कित्याक रे?"
"रागान बोलता काय मस्करी करता,
तां तोंडारच कळता."

चटई उचलली. खाली वाळू, खवले, एक काजूबी.
सीटचा बोल्ट चकाके तोवर घासला, तिथे अर्थिंग.
फ्यूजपासून दारपट्टीखालून वायर नेली,
सांध्यावर नळी सरकवून लायटर धरला.
सापाने टाकलेली कात पुन्हा अंगावर चढवावी,
तशी ती बसली.
बटण दिलं डावीकडे. आई तिथे बसते.

दहाव्या दिवशी बाप आला, वासुदेव कोयंडे.
संध्याकाळी, एकटाच, गाडीची चावी बोटात फिरवत.
गाडी तौफिकने आत घेतली.
माझ्या बिलबुकाच्या पाठीवर त्याने चित्र काढलं:
दोन डोकी, चार हात, डावीकडे बटण.
डाव्या डोक्याचं बोट बटणावर ठेवलं
आणि पेन्सिल आडवी धरून
सगळं चित्र काळं करून टाकलं.

कळेना. मयुरेशला फोन लावला.
तो आधी नुसताच हसला, बराच वेळ.
"आवस आपला बोलून घेता आणि लायट घालवता.
गेल्या खेपेक बाबा नांदगावात उत्तर देऊक लागले,
ता अजून हातातच आसा."

जिन्यात असते तशी वायरिंग.
खाली लावा, वर जाऊन घालवा.
दोन्ही टोकांना बटण, मध्ये दोन जादा वायरी.
तिने घालवला तरी त्याला लावता येतो,
त्याने लावला की तिला परत घालवता.
भांडण कुठे संपवायचं हे वायर ठरवत नाही.

काम आटपलं तेव्हा बाहेर काळोख.
शटर अर्धं खाली, आम्ही दोघे मागच्या सीटवर,
मी त्याच्या बायकोच्या जागी.
त्याने बटण चार वेळा दाबून बघितलं,
मान हलवली. मग पैशांचं.
मी पाच बोटं दाखवली. पाचशे.
त्याने तीन.
मी पुन्हा पाच, जरा चेहऱ्याजवळ धरून.
त्याने तीन दाखवली
आणि खट्.

काळोखात माझी पाच बोटं तशीच वर.
दुसऱ्या हाताने डावीकडचं बटण चाचपतोय,
मीच बसवलेलं,
आणि सापडत नाहीय.