हसरा चेहरा

कोक्कोलाच्या वीज कंपनीत माझं काम
पत्रं लिहायचं.
त्या हिवाळ्यात चार तऱ्हेची पत्रं धाडली गावभर.
एकात लिहिलं, पैसे वाचतील.
एकात, पृथ्वी वाचेल.
एकात नातवंडांबद्दल काहीतरी; मला तेच आवडलं होतं.
चौथं कोरडं ठाक:
तुमच्या रस्त्यावर तुमच्याहून कमी वीज किती घरं वापरतात,
एवढा एकच आकडा.

पैसे, पृथ्वी, नातवंडं. काटा जागचा हलला नाही.
चौथं पत्र मिळालेले मात्र
उठून अंगणातला दिवा मालवू लागले.

जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात.
आम्ही दोन्ही मोजून पाहिल्या.
मनाची भरली अर्धा टक्का.

आता कमी वापरणारे शेफारू नयेत
(आपण एवढे चांगले, मग थोडं जास्त चालेल,
हा हिशेब माणूस झोपेतही करतो)
म्हणून त्यांच्या आकड्याशेजारी मी एक चेहरा काढला.
दोन ठिपके, एक वाकडी रेघ.

सगळ्यात जास्त वेळा तो गेला
भूर्जांच्या रस्त्यावर, तौनो कर्ना यांच्याकडे.
सलग पाच महिने.
शेजारचे साम्पो आणि आउने इरेला पेटले.
घरात एकोणीस अंश, पोरांना दुहेरी मोजे,
साऊना फक्त शनिवारी.
तरी म्हातारा पुढेच.
आमच्या बैठकीत, नाव न घेता, त्याचं कौतुक झालं.
केक होता.

जानेवारीत मीटर बदलायला माणूस नव्हता, मी गेले.
दाराशी बूट एकाच मापाचे.
एका खोलीत हीटर,
त्याच खोलीत पलंग, रेडिओ, उष्टी बशी.
साऊनात बटाट्यांची पोती,
आणि हिल्काचे स्कीचे बूट, नाड्या बांधलेले.
"एकट्यासाठी कोण तापवतं?" म्हणाले.
फ्रीजवर चुंबकाखाली पाच पत्रं ओळीने,
पाची चेहरे हसत.
"हल्ली मला पत्रं येत नाहीत फारशी."

तो मी काढलाय, हे सांगायला तोंड उघडलं
आणि मीटरचा नंबर विचारला.
कुंपणापलीकडे साम्पो बर्फ ओढत होता.
शेजाऱ्याचा आकडा कळवणं माझं काम,
शेजारी कळवणं नाही.
गाडीत बसले. हीटर पूर्ण लावला.

मार्चच्या आलेखात, एका शनिवारी,
सहा ते नऊ, तौनोंच्या रेषेला अचानक सुळका.
पुढच्या शनिवारी पुन्हा. मग बुधवारीसुद्धा.
यंत्राने नियमाने चेहरा गाळला.
त्याच महिन्यात साम्पोच्या घराला
पहिल्यांदा गेला.

शनिवारच्या पाळीत फोन आला.
"या वेळी तो हसला नाही.
माझं काही चुकलं का?
शेजाऱ्यांची भट्टी बिघडलीय, सगळे इकडेच येतात.
बटाटे तळघरात हलवले मी."
मागे कुणी पोर किंचाळलं,
दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज,
दार लाव रे, म्हणणारं एक बाईमाणूस.

"नाही हो," मी म्हटलं, "छपाईची चूक."

आणि चुकांच्या वहीत,
तारीख घालून,
तशी नोंदही केली.