दोनशे सहावा

कुताइसीत त्या हिवाळ्यात
वीज गेली ती गेलीच.
पहाटे तीनला आम्ही पावाच्या रांगेत,
तळहातावर शाईचे आकडे.
माझा एकशे बारा, आईचा एकशे तेरा.

पुढे नाझिब्रोला, बंद पडलेल्या कारखान्यातली कारकून.
मेणबत्तीच्या तुकड्यावर कादंबरी वाचायची, मनातल्या मनात.
म्हातारा वालिको एकदा म्हणाला,
"मोठ्यानं वाच की पोरी.
पाव वाटला तर कमी होतो, हे नाही होत."

कादंबरीत तसं काही नव्हतं.
घोड्यांचा एक डॉक्टर, त्यानं न टाकलेली पत्रं,
आणि त्याची बहीण, जी तीन पानं नुसता
जर्दाळूचा मुरंबा ढवळत राहते.
त्या तीन पानांना रांग इतकी गप्प झाली
की कुणाचं तरी पोट गुरगुरलेलं
सगळ्यांनी ऐकलं,
आणि कुणी हसलं नाही.

झाझा बंदूक घेऊन यायचा, सरळ खिडकीशी.
आठ पाव. पैसे नाहीत.
पाणी दगडाला वळसा घालतं
तसे आम्ही बाजूला व्हायचो.

एकदा तो पाव काखेत मारून वळला, तेव्हा
डॉक्टर पाय मोडलेल्या घोडीच्या कपाळावर
बोटानं जागा चाचपत होता,
गोळीसाठी.
झाझा थांबला. पाव निवत गेले.
पान संपलं.
"मग? घातली?"
नाझिब्रोलानं पुस्तक मिटलं.
"उद्या. आणि रांगेत उभं राहिलं तरच ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी तो शेवटी उभा होता.
बंदूक खांद्यावर होतीच.
शाईवाल्यापुढे त्यानं हात धरला,
मास्तरांपुढे धरावा तसा.
दोनशे सहा.

नाझिब्रोलाकडे पुढची पानं नव्हतीच.
आदल्या थंडीत तिनं त्यांवर चूल पेटवली होती.
हे कळलं ते ती गेल्यावर.
मार्चपर्यंत रोज कोऱ्या अंधाराकडे बघत
ती घोडीला उभी करत राहिली,
लंगडत, मग चालत,
मग एका पानावर चक्क नदी ओलांडून.

पुष्कळ वर्षांनी मला ते पुस्तक अख्खं मिळालं.
घोडी तिथेच मरते. एका ओळीत.

झाझा सुधारला, असं लोक म्हणतात.
मला नाही सांगता येत.
त्यानं त्याआधी काय केलं ते मला ठाऊक आहे.
आता मधमाश्या पाळतो. बाजारात भेटला
की मध तोलता तोलता विचारतो,
"नदी ओलांडल्यावर पुढे काय झालं गं?"

मी सांगते.
दर वेळी थोडं वेगळं.