खोंबारा

जांबोटीच्या तिठ्यावर माझं मशीन आहे,
पायानं चालणारं, वीज असो नसो.
चैत्र लागला हे मला कॅलेंडर सांगत नाही.
खोंबारे सांगतात.

खिळ्याचा खोंबारा सरळ असतो, रागीट.
बाभळीचा नुसता टोचा, भोक पाडून मोकळी.
तोरणीचा मात्र वळतो:
आधी आत, मग खाली, मग परत वर.
दुसऱ्याच्या झाडावर चढून बसणारी ही जाळी,
तिची सही मी डोळे मिटून ओळखतो.

शाळेच्या दोन निळ्या चड्ड्या येतात,
लग्नातला एक सदरा, भलत्याच माणसाचा.
कुठं फाटलं, मी विचारत नाही.
खिसा उलटा करतो.
आत पांढरा गर वाळलेला, खळ दिल्यासारखा कडक,
आणि एखादी बी.
बी मी ड्रॉवरात टाकतो, बॉबिनांच्या शेजारी.

ठकूबाई येडगे धनगरवाड्यावरून उतरते,
कुंभ्याच्या पानात तोरणं,
साबुदाणा भिजून भलताच फुगावा तशी.
दहा रुपयाला वाटी.
माझ्याकडून पैसे घेत नाही, पदर शिवून घेते.
"जाळीत अडकलं की मागं ओढायचं न्हाई, मास्तर.
आणखी जरा आत सरकायचं. काटा आपसूक सोडतो."
"मग तुझा पदर गं?"
"मला ठावं हाय. खरं पदराला कुठं ठावं हाय?"

फक्कीरप्पा गार्डाची खाकी विजार
चार वर्षांत तिसऱ्यांदा.
ड्युटीवर फाटली, म्हणतो.
मुळ्ळ हण्णू, म्हणतो, आणि लगेच गप्प होतो,
नाव घेतलं की पंचनामा होईल जणू.
चोर्ल्याकडून येणारा पाववाला त्यालाच चुन्नां म्हणतो.
पिठूळ, गोडसर, फार खाल्लं तर घसा धरणारं.
आम्ही तिघं एकाच पानातून खातो
आणि बी थुंकतो तेव्हा
कोण कुठल्या भाषेत थुंकला, कळत नाही.

मग एक साल असं आलं
की अर्धा चैत्र सरला, खोंबारा नाही.
आणि एकाच आठवड्यात चार.
सरळ. जोडीनं. दोन-दोन दातांचे.
खिसे रिकामे.
तार, मी म्हटलं.
उतार कुणीतरी घेतला होता,
खोल्या बांधणार होते,
पाहुण्यांना जंगल दाखवणार होते.
ठकूबाई त्या साली शिलाईपोटी
साखरेची पुडी घेऊन आली.
मी घेतली नाही.
तिनं हात मागं घेतला नाही,
मग घेतली.

त्या रात्री ड्रॉवर अडकला.
जोरानं ओढला तर बिया खुळखुळल्या,
किती सालांच्या कुणास ठाऊक.

मी काही केलं नाही.
जेवण झाल्यावर चार दिवस फिरायला गेलो,
कुंपणाच्या कडेकडेनं, डॉक्टरनं सांगितलंय तसं.
खिसा उसवलेला होता.
शिंप्याचा खिसा उसवलेलाच असतो,
गावात कुणालाही विचारा.

त्याला तीन उन्हाळे झाले.
खोल्या झाल्या, पाटी लागली,
पाटीवरची हरणं रोज तिकडंच बघतात.
परवा फक्कीरप्पा विजार ठेवून गेला,
काही बोलला नाही, चहाही घेतला नाही.
डाव्या पायावर तारेचा खोंबारा, हातभर.
त्याच्या वर, दोन बोटं सोडून,
आणखी एक. एवढासा.
मी चष्मा पुसला.
आधी आत,
मग खाली,
मग परत वर.

खिसा उलटा केला. काही नव्हतं.
फळ धरायला अजून वेळ आहे.

दोन्ही शिवले.
पैसे एकाचेच लावले.