वाट्याची कोंबडी

पहिली तलंग माझी नव्हतीच.
जैनबचाची मुलाण्यांनी डालग्यासकट दिली,
म्हणाल्या, वाट्यानं सांभाळ.
निघतील त्यातली निम्मी पिल्लं तुझी, निम्मी माझी,
मुंगसानं नेलं तर दोघींचं गेलं.
जतच्या पुढं, जिथनं एसटी वळून माघारी जाते,
तिथं आमचा करार असा तोंडीच व्हायचा.

माघात ती खुडूक झाली.
पाटीत भुसकट, वर फाटकं धोतर,
अकरा अंडी, प्रत्येकावर कोळशाची रेघ,
शेजारची आगाऊ कुणी मधीच घालून गेली तर कळावं म्हणून.
आठव्या रात्री बॅटरीवर धरली:
नवात लाल शिरांचं जाळं,
दोन नुसतीच पिवळी.
नऊ निघाली. एक घारीनं उचललं.
चार त्यांची, चार माझी.
वाटणीला चाचींनी डोळे मिटून पाटीत हात घातला,
नर-मादी बघितलं नाही.
ते मला अजून जमलेलं नाही.

आता एकोणचाळीस आहेत.
हिशेब डेअरीच्या कॅलेंडरच्या पाठीमागं.
गिऱ्हाईक गाडीवरनं येतं, मिरजेचं, सांगलीचं,
गावरानच आहे ना ताई?
मी एकच विचारते, पाळायला का कापायला?
कापायला पाचशे, पाळायला साडेतीनशे.
हे पसरल्यापासनं
सगळा जिल्हा कोंबड्या पाळायला लागलाय.

मी तोंडाकडं बघत नाही, हाताकडं बघते.
पाय धरून उलटी टांगली, की पाचशे.
एका पोरानं शर्टात घातली, वरचं बटण लावलं,
मान तेवढी बाहेर.
त्याला तीनशेला दिली,
वर मूठभर कण्या.

मग त्या उन्हाळ्यात मानमोडी आली.
मी दवाखान्यातनं थर्मासात बर्फ घालून लस आणलेली,
रात्री मोबाईलच्या उजेडात
एकेकीच्या डोळ्यात थेंब सोडला.
चाची म्हणाल्या, आमच्यांना कशाला?
त्या काय शाळेत जायच्यात?

पाच दिवसांत त्यांचं खुराडं रिकामं.
खड्डा मी काढला, चुना मी टाकला.
सहाव्या दिवशी सकाळी
चाचींनी सवयीनं अंगणात कण्या फेकल्या.
चिमण्या आल्या.

दोन महिने मी काही नेलं नाही,
डॉक्टर म्हणाले होते, जागा उन्हात तापू दे.
मग त्या पहिलीच्या पणतीची पोर,
कबरी, पायावर पिसं असलेली,
डालग्यात घालून नेली.
म्हटलं, वाट्यानं घ्या.

त्यांनी उचलली,
पंखाखाली फुंकर मारून पिसवा बघितल्या,
छातीचं हाड चाचपलं,
आणि माझ्याकडं बघत विचारलं,
पाळायला का कापायला?
मला हसू आलं, पण अर्धंच.
म्हटलं, लस मात्र मी घालणार.
घाल बाई, म्हणाल्या,
मुंगूस दोघींचं.

तीन दिवस संध्याकाळ झाली की
कबरी ओढा ओलांडून माझ्याच दारात.
तिन्ही दिवस पदरात गुंडाळून
अंधारात परत पोचवली,
वाटेत ती माझ्या बोटाला टोचत राहिली.

चौथ्या दिवशी आली नाही.
खुराड्याची फळी मी
उशिरापर्यंत लावली नाही.