नावाचं शेपूट

तेलावीच्या शाळेत त्या हिवाळ्यात
ज्यानं त्यानं घरून एकेक ओंडका आणायचा,
मगच हजेरी लागायची.
वीज दुपारी यायची, नाहीतर यायचीच नाही.
नाझीब्रोला बाई हातमोजे घालूनच फळ्यावर लिहीत,
खडू निसटला की स्वतःशीच पुटपुटत.

"धातूचं नाव आधी. जसंच्या तसं.
दुसऱ्याच्या नावाचं शेपूट बदलतं.
क्लोरीन होता, झाला क्लोराइड.
सल्फरचा सल्फाइड.
शेपूट पाहिलं की ओळखायचं,
हा आता एकटा राहिलेला नाही."

आम्हाला हे सोपं गेलं.
आमच्या गावात आडनावाला शेपूट सगळ्यांच्याच:
कुणी द्झे, कुणी श्विली,
म्हणजे अमक्याचा मुलगा, तमक्याचं लेकरू.
मी नादिराश्विली.
लोखंडाच्या पुढे मात्र बाई कंसात आकडा लिहायला लावत, रोमन:
"दोन दिले की तीन, हे सांगितल्याशिवाय
लोखंडाच्या शब्दावर जायचं नाही."

जानेवारीत सारिया आली,
सुखुमीहून, बर्फातून घाट ओलांडून.
पायातले बूट तिच्या मापाचे नव्हते.
बाईंनी नाव वाचलं: सारिया आगर्बा.
मागच्या बाकावरून कुणीतरी मेंढीसारखं ओरडलं,
बाऽऽ.
त्या वर्षी या शेपटांवरून माणसं मेली होती,
तिकडे द्झे म्हणून, इकडे बा म्हणून.
तिची आई द्झे होती. ते हजेरीत लिहीत नाहीत.

"सारिया, तुझा ओंडका?"
नव्हता.
माझा होता, विलोचा, अर्धा ओला.
मी म्हणालो, "हा आमच्या दोघांचा."
धडधडीत खोटं.
बाईंनी फळ्यावर दोन अणू काढले,
मधोमध दोन ठिपके:
"हा सहसंयुज बंध. इथे कुणी दिलं नाही,
कुणी घेतलं नाही. जोडी दोघांची."
वर्ग खिदळला.
ओला ओंडका दिवसभर नुसता धुरत राहिला,
तापले ते माझे कान.

मग मिठाचा तास.
सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो,
क्लोरीन तो ठेवून घेतो,
आणि त्या देण्याघेण्यानंच दोघं एकमेकांना धरून राहतात.
बाईंनी पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं.
"पाहा, पाण्यानं सोडवलं."
सारियानं पहिल्यांदाच हात वर केला:
"मग सोडियम पुन्हा पहिल्यासारखा होतो?"

बाई चमचा हातात धरून उभ्या राहिल्या.
"नाही," म्हणाल्या. "सुटतो,
पण दिलेलं परत मिळत नाही.
एक कमी घेऊनच फिरतो.
पाणी त्याला चहूबाजूंनी वेढून धरतं, एवढंच."

सारियानं वहीत उतरवून घेतलं.
मी डोकावलो. बाकी सगळं ओबडधोबड,
"एवढंच"च्या खाली मात्र पट्टीनं ओढलेली रेघ.

मार्चमध्ये बाईंनी मळ्यातून मोरचूद आणलं, रुमालात बांधून.
पत्र्याच्या चमच्यात खडा शेगडीवर धरला.
निळं पांढुरकं झालं, मग पांढरं,
मग नुसती राख वाटावी अशी भुकटी.
"पंचजलीय. नावातच पाणी आहे.
पाणी गेलं, रंग गेला."
आणि सारियाला म्हणाल्या, "बोट बुडव. एक थेंब टाक."

थेंब पडला तिथे निळा डाग उमटला
आणि कडेकडेनं पसरत गेला.
मेंढीसारखा ओरडणारा तो पोरगाही
बाकावर चढून पाहत होता.

एप्रिलात ती मामाकडे गेली, बातुमीला.
पत्ता दिला होता. मी हरवला.
बाई पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात गेल्या.

आता मी द्राक्षवेलींवर फवारतो तेच,
चुन्यात कालवून, बुरशीसाठी.
नखांतलं निळं शनिवारपर्यंत निघत नाही.
गोणीवर नाव छापलेलं असतं:
कॉपर, कंसात दोन, सल्फेट, पंचजलीय.
गडी म्हणतात, मोरचूद म्हणा की, दिवस मावळेल.
मावळू दे.
मी पूर्ण वाचतो, शेपटापर्यंत,
मग दोरा उसवतो.