पाय

फ्रिज कालच गेला.
लिफ्टमध्ये मावेना, तर चौघांनी
दोरीनं बांधून पाच मजले उतरवला,
दारावरचे चुंबक तसेच चिकटलेले.
ओव्हन आज पाच वाजता.
पंधरा दिनार ठरले, पाच आगाऊ मिळाले.

सकाळी कपाट पुसायला उघडलं
तर कोकोच्या डब्यात तळाला चार चमचे,
काळ्या चॉकलेटच्या दोन जाड पट्ट्या,
डायजेस्टिव्हचा फोडलेला पुडा,
क्रीमचे तीन डबे.
त्यांची तारीख डिसेंबरपर्यंतची,
आमची या गुरुवारपर्यंत.
बॅगेत जागा नाही. टाकवत नाही.
म्हटलं, पाय करू.

देवगडहून नणंदेचा फोन:
"काय चाललंय?"
"पाय करतेय."
"दुखतोय? आत्ता, निघायच्या वेळेला?"
"नाही हो वन्सं, खायचा."
तिकडे बराच वेळ शांतता.

ऑगस्टात फाहाहीलच्या नळाला
गार पाणी असं नसतंच.
नवी आले तेव्हा याच नळापाशी रडले होते,
तोंड धुताना भाजलं म्हणून.
आज त्याच पाण्यात वाडगं ठेवलं,
पट्ट्या तोडून टाकल्या,
गॅस न लावता वितळल्या.
एकोणीस वर्षांत एवढं तरी जमलं.

लाटणं खोक्यात बंद. बिस्किटं
श्रीरंगच्या पान्यानं कुटली, पिशवीत घालून.
रिफायनरीतले नट आवळून
दांड्याला त्याच्या मुठीचा खळगा पडलाय,
माझी मूठ त्यात सैल बसते.
चुऱ्यात लोणी, बोटांनी दाबत
कडेपर्यंत चढवला.
मग अंडी, क्रीम, कोको, चिमूटभर मीठ,
सकाळच्या कॉफीचा कपात राहिलेला घोट.

खिडकीतून रिफायनरीची ज्वाला दिसते,
रात्रंदिवस, काहीच न शिजवता.
तिच्यापुढे आमच्या ओव्हनची निळी ओळ
म्हणजे मुंगीनं ओढलेली रेघ.
पण जिन्यापर्यंत वास गेला तो हिचा.

चारलाच बेल वाजली.
शिहाब, मलप्पुरमचा, डिलिव्हरीच्या गणवेशात,
मागे एक मित्र, हातात दोरी.
"दीदी, गाडी आत्ताच मिळाली."
ओव्हन पेटलेला, आत पाय,
मध्यभागी अजून थरथरतोय.
बसा म्हटलं. खुर्च्या विकलेल्या.
पुस्तकांच्या खोक्यांवर बसले दोघं,
टोप्या मांडीवर, परीक्षेला आल्यासारखे.

बायको पुढच्या महिन्यात येणार, म्हणाला.
फसीला. फोनवर दाखवली,
स्वतःच आधी बघून घेऊन.
तिला केक करायचाय, शिकतेय.

मग मी त्याला जवळ बोलावलं.
हे बघ, याचा एकशेऐंशी म्हणजे दोनशेदहा.
मागचा उजवा कोपरा जाळतो,
भांडं अर्ध्यात फिरवायचं.
दार गुडघ्यानं दाबलं की लागतं.
आणि हा नेलपॉलिशचा लाल ठिपका,
तो खरा एकशेऐंशी.
ओठ हलवत तो पाठ करत होता.

पाय चार तास गार व्हायला हवा.
फ्रिज मंगफला पोचलाय.
ओव्हन तरी उचलण्याइतका निवेपर्यंत
करायचं काय, म्हणून सुरी घेतली,
कडेनं फिरवली, भांडं हलवलं,
खालून उलथनं घातलं.
पाय निघेना.

शेवटी भांडंच फरशीवर मध्ये ठेवलं.
विमानातल्या जेवणांचे साठवलेले
प्लॅस्टिकचे चमचे काढले
आणि तिघांनी गरमच खाल्ला,
वर पातळ साल, आत वाहता, काळा,
आधी कडू लागणारा.
मित्र एक अक्षर बोलला नव्हता,
त्यानं चमचा दोन्हीकडून चाटला.

ओव्हन उतरला. अर्धा पाय
त्यांच्या खोलीतल्या बाकीच्या सहांसाठी
भांड्यासकट दिला.
दारात वळून शिहाबनं विचारलं,
"दीदी, भांडं कुठं आणून देऊ?"
मी सवयीनं म्हणाले,
इथंच की.