पहिला सेकंद

ग्विलिम प्रॉसरांच्या नाकाला चिमटा लावते,
पुठ्ठ्याची नळी ओठांत घट्ट धरायला सांगते,
आणि मग त्या बंद खोलीत
खो-खोच्या मैदानाकडेला उभ्या पीटीच्या बाईंसारखी ओरडते:
भरा, भरा, भरा... आता सोडा! जोरात!
अजून, अजून, थांबू नका, तळातलीसुद्धा...

इंग्रजीतून ओरडते. मनात त्या नळीचं नाव फुंकणी आहे.

ते फुंकतात. चेहरा जांभळा, मान थरथरती.
पडद्यावर रेघ उसळी मारते, लगेच खचते,
मधोमध लोंबते
ओल्या चादरींनी वाळवणाची दोरी लोंबते तशी.
हे मी मोठ्यानं बोलले असणार,
कारण ते म्हणतात, "बेटी बोट चाटून हवेत धरायची.
वारा डोंगराकडून असेल तरच चादरी बाहेर.
समुद्राकडून असला, तर मध्ये आमचा कारखाना."

एकतीस वर्षं कोकच्या भट्टीवर.
पोर्ट टॅलबटच्या खिडक्यांवर तेव्हा
बोटभर लाल धूळ... "बोटभर नाही, बोटाला लागेल एवढी,"
ते मला दुरुस्त करतात.
"दिसायची, पुसता यायची. प्रामाणिक धूळ,"
हसतात, आणि हसण्याचा खोकला होतो.

न दिसणारीबद्दल मी बोलत नाही.
केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढी ती,
नाकातले केस, घशातली लव, सगळे पहारे चुकवून
त्या इवल्या फुग्यांपर्यंत पोचते
जिथं हवा आणि रक्त यांच्यात
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ भिंत.
तिथं घर झाडणाऱ्या पेशी असतात.
धूळ खातात, पचत नाही, मरतात;
दुसऱ्या येतात, मेलेल्यांसकट धूळ खातात.

सोमवारी सकाळी, रुग्ण यायच्या आधी,
यंत्र खरं बोलतंय का ते बघायचं असतं.
आधी तीन लिटरचा पंप, मग मी.
विभागाची निरोगी व्यक्ती. तशी नोंद आहे.
वय, उंची, बाई की पुरुष, मग वंश विचारतं यंत्र,
आणि माझं उत्तर घेऊन अपेक्षा खाली आणतं,
कुणी चार गुण वाढवून पास करावं तसं.

अकरा वर्षांचे सोमवार एका कागदावर.
वयाचा उतार सगळ्यांनाच, तो मी निळ्या शाईनं आखलेला;
माझे ठिपके त्याच्याही खाली घरंगळलेत.
वाटलं, यंत्र बिघडलं.
कार्डिफहून आयस्टिन नावाचा पोरगेला तंत्रज्ञ आला,
दोन तास खोलून बसला,
म्हणाला, अगदी बरोबर आहे हे.

मी कारखान्यात पाय ठेवलेला नाही. सिगरेट नाही.
घर मोटारवेच्या खांबांपाशी,
लॉऱ्या स्वयंपाकघराच्या वरून जातात.
पाहुण्यांना सांगायचे, ऐकत राहिलं की समुद्रासारखं वाटतं.
खिडकी उघडी टाकून झोपायचे,
ताज्या हवेसाठी.

आता भट्ट्या विझल्या.
नातवाची नोकरी गेली, म्हणतात प्रॉसर,
कठड्यावरून बोट फिरवलं तर कोरडं निघतं.
चादरी कुठल्याही वाऱ्यात वाळतील.
बेटी नाही.

"आकडा काय आला?"
सांगते. डॉक्टर नीट समजावतील, म्हणते.
"आणि तुझा? तूही इथलीच की आता."

आमच्यात धीर धर म्हणायला दम धर म्हणतात,
धमकावलं तर दम दिला,
सावकाश जा म्हणायचं, तरी दमानं.
एका शब्दावर एवढं ओझं,
इंग्रजीत मी फक्त म्हणते: पुन्हा एकदा करू,
तीन चांगले लागतात.

चिमटा लावते.
सगळं पहिल्या सेकंदात असतं, प्रॉसर,
पुढं नुसतं रिकामं होत जाणं.
भरा...
आणि त्यांच्याबरोबर मीही छातीभर घेते,
दर वेळी घेते,
सोडायला मात्र विसरते.